गुरुवारचा शब्बाथ

चाकणच्या तळेगाव चौकात टेम्पो ट्रॅव्हलर अडकली ती अडकलीच. पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बसगाड्या, डावीकडे कांद्याच्या रोपांनी भरलेला ट्रॅक्टर, आणि आत चौदा परदेशी पोरं-पोरी. सुट्टीत स्वतःच्या घरी लोळायचं सोडून, ओळख ना पाळख अशा गावातल्या अंगणवाडीला गिलावा करायला निघालेली. सगळी ज्यू विद्यार्थी, कुणी ब्वेनोस आइरेसचं, कुणी लंडनचं. त्यांची म्होरकी तामार टोरांटोची होती, हदासापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी. ती दोन सीटांच्या मध्ये उभी राहून एकेकाची ओळख करून देत होती. हदासाचा नंबर आला तेव्हा तामारचा चेहरा असा फुलला, की जणू हिला तिनेच शोधून काढलंय. "ही हदासा वाकरूळकर. चिंचवडची. हिचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी कोकणच्या किनाऱ्याला लागले. भाषा विसरले, पुस्तकं हरवली, सणांची नावंसुद्धा विसरले. पण तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायला विसरले नाहीत. गावचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. बाकी सगळं गेलं, शनिवार राहिला!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत तामार म्हणाली, "आणि हिच्या घरी अजूनही शब्बाथ पाळतात, अर्जात लिहिलंय तिनं. तेव्हा शुक्रवारचे दिवे या वेळी हदासाच लावेल."  हदासा हसली, मान हलवली आणि घाईनं खिडकीबाहेर बघायला लागली. ट्रॅक्टरवरचा माणूस तिच्याकडे बघून हसत होता.

कारण शब्बाथ म्हणजे शुक्रवारी सूर्य मावळताना दिवे लावून सुरू होणारा, शनिवारचा विसाव्याचा दिवस, आणि वाकरूळकरांच्या घरी तो होता, अगदी मनापासून होता, पण गुरुवारी होता. बुधवारी सूर्य मावळायच्या आत आई पेल्यात पाणी, त्यावर तेल, त्यात वात असा दिवा लावायची, रात्रभर भिजवलेल्या मनुकांचं पाणी गाळून ठेवायची, आणि पप्पा फर्स्ट शिफ्ट करून, आंघोळ करून, डोक्यावर टोपी घालून, त्या पाण्याचा पेला हातात धरून प्रार्थना म्हणायला टेबलाशी उभे राहायचे. गुरुवारी घरात केर निघायचा नाही, मशीन लागायचं नाही, गॅस पेटायचा नाही. बुधवारी करून ठेवलेलं गार जेवण तिघं मिळून जेवायची आणि दुपारभर लोळायची. हदासाच्या लेखी जगातली सगळ्यात शहाणी दुपार म्हणजे गुरुवारची दुपार. वीज पुरवून वापरायची म्हणून कधीकाळी कुणीतरी ठरवून टाकलं, की पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. तेव्हापासून या पट्ट्यातल्या लाखभर माणसांचा रविवार गुरुवारी येतो. लग्नाच्या बोलण्या गुरुवारी, केस कापणं गुरुवारी, गावाकडच्या फेऱ्या गुरुवारी. वाकरूळकरांचा शब्बाथही त्याच रांगेत जाऊन उभा राहिला, एवढंच.

पप्पा, म्हणजे एलियास वाकरूळकर, सत्तावीस वर्षांपूर्वी अलिबागकडून इथं आले आणि एका गियर बनवणाऱ्या कंपनीत चिकटले. पहिल्याच महिन्यात त्यांनी शनिवार मोकळा मागितला होता. तेव्हाचे सुपरवायझर उद्धवराव वाईट माणूस नव्हते. म्हणाले होते, "अहो वाकरूळकर, सगळी लाइन चालू आणि तुमचं एकट्याचं मशीन बंद, असं कसं जमेल? गुरुवारी काय करायचं ते करा की. देव काय कॅलेंडर बघत बसलाय का?" पप्पांनी घरी येऊन आईला हे सांगितलं, तेव्हा आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही नसताना मी एकटीनं दिवा लावून बसू? घरातली सगळी बसतील तो शब्बाथ." झालं. एवढ्या थोड्या शब्दांत कोकणातला घाणा थांबवणारा दिवस दोन घरं मागे सरकला. हदासाला हे सगळं पाठ होतं, कारण आई ते गमतीनं सांगायची. पण नऊ वर्षांची असताना ठाण्याच्या मावसभावानं रास्ता पेठेतल्या सिनेगॉगच्या पायरीवर सगळ्यांदेखत तिला "गुरुवारची यहुदी" म्हटलं होतं. तेव्हापासून तिनं ती गंमत घराबाहेर कधी काढली नाही. अर्जात तामारच्या लोकांनी विचारलं होतं, घरी शब्बाथ पाळता का, आणि दोनच चौकोन दिले होते. ताथवड्याच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये, शेवटचा पेपर देऊन आल्या आल्या, समोर मैत्रीण निशिगंधा वडापाव खात बसलेली असताना तिनं 'होय'वर बोट ठेवलं. वार कुणी विचारलाच नव्हता.

आणि जायचं तर तिला होतंच. चार हजार पोरांच्या कॉलेजात ती एकटी ज्यू होती. एकटी असण्याचं दुःख वगैरे काही नव्हतं, पोरं चांगली होती, निशिगंधा तर जीव होती. फक्त समजावून सांगण्याचा कंटाळा. "म्हणजे ख्रिश्चनच ना?" "मग तू मराठी कशी?" "मग तुमच्यात गणपती नसतो?" तिला दहा दिवस असे हवे होते, की जिथं तिला कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. आता गाडी चाकणमधून सुटून राजगुरुनगरच्या दिशेनं पळायला लागली होती, मागच्या सीटवरची पोरं ताल धरून गात होती, आणि तिच्या लक्षात येत होतं, की सगळ्यात अवघड समजावून सांगणं इथंच आहे. पण गाण्याचे शब्द तिला येत होते! चाल निराळी होती, शब्द तेच. आईच्या वहीत हिब्रू प्रार्थना देवनागरीत लिहिलेल्या होत्या, काना-मात्रेसकट, त्याच वहीतले शब्द हे लंडनचं पोर म्हणत होतं. तिनं हळूच आवाज मिसळला. फार छान वाटलं. भीती तिथंच होती, पण तिच्या शेजारी हे छान वाटणंही ऐसपैस बसलं.

वाडी भीमेच्या काठापासून थोडी वर होती. मुक्काम समाजमंदिराच्या हॉलमध्ये आणि जेवणाचं सगळं कुशाबाईकडे. कुशाबाई अंगणवाडीची मदतनीस. तिचा नवरा गेनू पूर्वीचा गवंडी, आता चाकणला कंपनीत. पाहुणे मांस-मच्छी खात नाहीत, शनिवारी चूल पेटवत नाहीत, हे हदासानं समजावलं तेव्हा कुशाबाईनं कंबरेवर हात ठेवले. "चूल पेटवायची न्हाई? मंग खायचं काय, वारा?" "शुक्रवारीच करून ठेवायचं, मावशी." "आन् त्या दिशी काम बी न्हाई?" "नाही." "आन् आंघूळ?" "ती चालते." "मंग बरंय की," कुशाबाई म्हणाली, "आमच्यात बाईमान्साला आसा वार न्हाई बघ. तुमी कुटनं आनला?" हदासा खळखळून हसली. तामारनं विचारलं, काय म्हणाल्या, आणि भाषांतर ऐकून तीही हसत सुटली. सोमवार आणि मंगळवार असे गेले, की हदासाला वाटलं आपण उगाच घाबरलो. घमेली वाहून खांदे भरून आले, विटकरी धुळीनं केस कडक झाले, संध्याकाळी पिठलं-भाकरीवर पोरं तुटून पडायची. तिला दोन्हीकडून हाका यायच्या. 'हदासा, याला काय म्हणतात?' आणि 'ए हदासा, या पोराला सांग, थापी उलटी धरलीय.' दोन्हीकडचं कळणारी ती एकटीच. आयुष्यात पहिल्यांदा एकटीच असणं इतकं सोयीचं झालं होतं.

बुधवारी संध्याकाळी मात्र चारच्या पुढे तिला चैन पडेना. उन्हं कांद्याच्या वाफ्यांवर तिरपी झाली. आता आई वात वळत असेल. आता पप्पा बसमधून उतरत असतील. तिनं घरी फोन लावला. आई म्हणाली, "जेवलीस का? थंडी आहे का गं तिकडं?" पप्पा म्हणाले, "हातमोजे घाल, सिमेंट खातं कातडीला." दिव्याचं कुणी काढलं नाही, तिनंही विचारलं नाही. मागे मिक्सरचा आवाज येत होता, कुणाच्यातरी घरचा असेल. आणि दुसरा दिवस गुरुवार. गुरुवारी गावातले सगळे कंपनीवाले घरी, म्हणून गेनूनं गिलाव्याचा दिवस तोच धरला होता. वीसेक माणसं सकाळी सातला हजर. "चला राव, हात चालवा, आपला रविवार हाय आज!" हदासानं घमेलं उचललं आणि तिचे हात थबकले. शाळेत असताना गुरुवारी तिनं साधी पेन्सिलही तासली नव्हती, शाळाच बुडवायची ती, आई चिठ्ठीत दरवेळी नवा आजार लिहायची. आता समोर ज्यू पोरं बाह्या सरसावून गात गात माल कालवत होती, त्यांच्यात एक तरी चेहरा अवघडलेला असावा म्हणून ती वेड्यासारखी शोधत राहिली. कुणीच नाही. सगळ्यांना गुरुवार म्हणजे गुरुवार. दुपारपर्यंत तिनं साठ-सत्तर घमेली वाहिली, आणि प्रत्येक घमेल्याला तिला वाटत राहिलं, आपण आईच्या समोर आईचंच भांडं फोडतोय. खरं काय ते तिला त्या दिवशी स्पष्ट दिसलं. तामारला आपलं खोटं कळेल, ही भीती वरवरची होती. खरी भीती ही, की शुक्रवारी खरा दिवा लागेल आणि मग घरच्या एवढ्या वर्षांच्या बुधवारांचं काय? ते सगळे नुसतेच पेले? पप्पा टोपी घालून उभे राहायचे ते नुसतेच उभे राहायचे? तिला रडू आलं. सिमेंट डोळ्यात गेलं म्हणून तिनं सांगितलं आणि गेनूनं तांब्याभर पाणी आणून दिलं.

शुक्रवारी दुपारी, ओल्या भिंतीवर दोघी पाणी मारत असताना, तिनं तामारला सांगून टाकलं. सगळं सांगितलं. कंपनी, उद्धवराव, आईचे तांदूळ, पायरीवरचा मावसभाऊ. तामारनं पाइप खाली धरला, पाणी तिच्या बुटांवर पडत राहिलं. ती हसली नाही, हे खरं. तिला सापडले ते शब्द फार सरळ होते. "तुझे आई-बाबा खूप चांगले आहेत," ती म्हणाली. "पण हदासा, तो दिवस आपण ठरवत नाही ना. तो आपला आपण येतो. म्हणून तर तो शब्बाथ आहे." हदासा म्हणाली, "माहीत आहे मला." माहीत होतंच. वाद घालायला कुठं जागा असती तर तिला बरं वाटलं असतं. तामारनं तिचा खांदा दाबला. "दिवे तरी तूच लाव." संध्याकाळी हॉलच्या ओट्यावर तिनं दोन मेणबत्त्या लावल्या, डोळ्यांवर हात धरून आईच्या वहीतले शब्द म्हटले, आणि तो शेवटचा शब्द संपल्यावर चौदा जणांनी एकदम "आमेन" म्हटलं. घरी दोनच माणसं म्हणायची. एवढं मोठं आमेन तिनं कधी ऐकलं नव्हतं, अंगावर काटा आला. तरी मनात एक कोपरा हट्टानं बाजूला बसून राहिला, लग्नाच्या पंगतीत चुकून दुसऱ्याच्या पानावर बसल्यासारखा.

शनिवारी सकाळी कुणी काही करत नव्हतं. फोन बंद, पुस्तकं उघडी, पोरं चिंचेखाली पसरलेली. नऊच्या सुमाराला खालच्या वळणावरून एका मोटरसायकलचा आवाज आला आणि हदासा उभी राहिली. तो सायलेन्सर तिनं झोपेतही ओळखला असता. पप्पा. मागे आई, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं पदर सावरत. शब्बाथच्या दिवशी, चाळीस किलोमीटर, पेट्रोल जाळत, फट्‌फट्‌ करत थेट चिंचेपर्यंत. पोरांनी पुस्तकांतून माना वर केल्या. लंडनचा पोरगा आपल्या मित्राकडे बघून भुवई उडवतोय, हेही तिला दिसलं. तिचं तोंड कानापर्यंत तापलं. पप्पांनी हेल्मेट काढलं. आत टोपी होती, हेल्मेटखाली चेपलेली. त्यांनी चिंचेखालची शांतता पाहिली, पालथे ठेवलेले फोन पाहिले, आणि त्यांचा हात चावीवर होता तसाच थांबला. गाडी त्यांनी हळूच बंद केली. "चुकलं," ते म्हणाले. "काल सूर्य मावळायच्या आत यायला हवं होतं. लक्षातच आलं नाही गं. इतक्या वर्षांत शनिवारी कधी शब्बाथ केलाय आम्ही?"

"पण तुम्ही आज कसे काय?" हदासानं विचारलं. "कंपनी?"

"सुट्टी टाकली." सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा शनिवारी. आई पिशवी खाली ठेवत म्हणाली, "अगं, बुधवारी यांनी लावूच दिला नाही मला दिवा. वात वळून तयार होती माझी. म्हणाले, पोरगी घरात नाही, सगळी कुठं बसलीयेत? ती शनिवारी बसणार आहे तिकडं, आपण तिकडं जाऊन बसू. आणि मग परवा गुरुवारी दिवसभर कांदे चिरत, बुधवारचा राहिलेला स्वयंपाक करत बसलो." पप्पांना हसू आवरत नव्हतं. उद्धवराव आता मॅनेजर झाले होते, रिटायर व्हायला आले होते, आणि अर्ज बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता. "शनिवारी सण? अहो वाकरूळकर, तुमचा तर गुरुवारी असतो ना? सत्तावीस वर्षं तुम्हीच सांगताय!" पप्पांनी त्यांची नक्कल इतकी हुबेहूब केली, की आई तोंडावर पदर धरून हसली. हदासा हसली आणि तिला रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि या वेळी सिमेंटचं नाव पुढे करायची गरज तिला वाटली नाही. हा दिवस त्यांनी कॅलेंडरमधून शोधून काढला नव्हता. ते तिच्या मागे आले होते, आणि ती होती तिथं शनिवार होता. तामार जवळ येऊन उभी होती. हदासानं तिला सगळं सांगितलं, उद्धवरावांसकट.  तामारनं आईच्या पायाशी ठेवलेली जड पिशवी उचलायला हात पुढे केला, आणि शब्बाथला ओझं उचलायचं की नाही, या विचारानं तो हात मध्येच थांबला. आई म्हणाली, "राहू दे बाळा, मी काय, सगळंच मोडून आलेय आज." भाषांतराची गरज पडली नाही.

मग सबंध दिवस पप्पांना हातांचं काय करावं ते कळेना. गुरुवारी घरी त्यांच्या हातांना लोळायची सवय होती, पण शनिवारी त्याच हातांना मशीन ठाऊक होतं. ते मांडीवर ठेवून बघत, मग पाठीमागे बांधत, मग फिरत फिरत अंगणवाडीशी जात. गिलावा एका कोपऱ्यात वाळून पांढरट पडलेला त्यांनी पाहिला आणि बादली उचलायला वाकलेच. "पप्पा!" हदासा ओरडली. ते चपापून ताठ झाले. कुशाबाई पाइप घेऊन आली. "बसा दादा तुमी. आज तुमचा वार हाय न्हवं? मारते मी पानी. गुरवारी तुमी मारा, मी बसते." दुपारी सगळ्यांनी गार जेवण केलं. पप्पांना तामारनं मध्ये बसवलं, मनुकांच्या पाण्याचा पेला हातात दिला आणि म्हणाली, काका, तुम्ही म्हणा. ते उभे राहिले. आवाज पहिल्या दोन शब्दांना कापला, पुढे बुधवारसारखा झाला. जेवण झाल्यावर ते चिंचेखाली आडवे झाले आणि क्षणात घोरायला लागले. तामारनं आपली शाल त्यांच्या पायांवर टाकली.

साडेपाचला पप्पा उठले, तोंड धुतलं आणि गाडीकडे गेले. चावी हातात घेतली, पण लावली नाही. परत आले. "तामारला विचार ना," ते हळूच म्हणाले, "हा सुटतो किती वाजता?" शिफ्टबद्दल विचारावं तसं विचारलं. तामार म्हणाली, आकाशात तीन तारे दिसले की सुटला. "अस्सं?" पप्पा म्हणाले, आणि ओट्याच्या कडेला जाऊन बसले. उद्या रविवार, फर्स्ट शिफ्ट, पहाटे पाचची बस. पुढे चाळीस किलोमीटर, थंडी, आई मागे. तरी बसले. एकदा चुकलं ते पुरे, असं काहीतरी त्यांच्या बसण्यात होतं. हदासा त्यांच्या शेजारी येऊन टेकली. आईही आली. वाफ्यांवरून गारवा वर चढत होता, आणि एकेक करून सगळी पोरं ओट्यावर येऊन माना वर करून बसली. चाकणच्या बाजूचं आभाळ कारखान्यांच्या दिव्यांनी तांबूस होतं, तिकडं काही दिसणार नव्हतं. एक तारा लंडनच्या पोरानं दाखवला. दुसरा आईनं, बऱ्याच वेळानं, समाजमंदिराच्या कळसाच्या वर. "तिसरा कुठंय?" पप्पांनी विचारलं. ते चष्मा पुसून पुसून बघत होते, आणि त्यांचा खांदा हदासाच्या खांद्याला लागलेला होता, गरम.

तिसरा हदासाला केव्हाच दिसला होता, चिंचेच्या डाव्या फांदीच्या टोकाला. तिनं कुणालाच सांगितलं नाही.